सुंभ आणि पीळ

आमच्या साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर डाव्या हाताला जी टपरी होती, तिच्या खांबाला काथ्याचा एक सुंभ कायम लटकत असे आणि त्याचे खालचे टोक दिवसरात्र धुमसत असे. काडेपेटी बाळगण्याची गरजच नव्हती. सुटी सिगारेट घ्यायची, सुंभाचे टोक उचलून त्यावर फुंकर घालायची आणि निखारा लाल झाला की सिगारेट टेकवून झुरका घ्यायचा. 1992 च्या गळीत हंगामात प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून रुजू झालो, तेव्हा माझी पहिली सिगारेट मी याच सुंभावर पेटवली. मे 2019 मध्ये ज्या दिवशी सोडली, त्या दिवसापर्यंत रोजचा आकडा सहसा पंचविसाच्या खाली येत नव्हता. केमिस्टला हिशेबाची खोड असते, म्हणून सांगतो: सत्तावीस वर्षांत सुमारे अडीच लाख सिगारेटी झाल्या. छोट्या सिगारेटची लांबी 69 मिलिमीटर धरून त्या एकापुढे एक मांडल्या, तर सतरा किलोमीटर होतात, म्हणजे सांगलीहून मिरजेला जाऊन बरेचसे परत येण्याइतके अंतर. पैशांचा हिशेब मी केला नाही. तो पत्नीने केलेला आहे आणि तो येथे देण्याची मला परवानगी नाही.

कारखान्याच्या आवारात बगॅसचे, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या वाळक्या चोथ्याचे, डोंगर असतात, त्यामुळे आत काडी ओढणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. ओढायचे तर फाटकाबाहेरच जावे लागे. आमचे काम तासाच्या तालावर चाले: मिश्र रसाचा नमुना आणायचा, ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण, पाहायचा, प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या पोलारीमीटरमध्ये नळी ठेवून पोल, म्हणजे साखरेचे प्रमाण, काढायचा, आकडे वहीत चढवायचे आणि पुढचा नमुना येईपर्यंत फाटकाकडे एक फेरी मारायची. बारा ते आठच्या रात्रपाळीत तर ही फेरीच माझे घड्याळ होती. सिगारेट नसती तर पहाटेचे तीन आणि चार यांतला फरक मला कळला नसता, असे मला त्या काळी मनापासून वाटत असे.

सोडण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. 2001 मध्ये मुलगी झाली तेव्हा अकरा दिवस बंद होती. 2008 मध्ये गांधी जयंतीपासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आली, तेव्हा मी बस स्थानकावर ओढणे सोडले आणि स्थानकाबाहेरच्या रसवंतीच्या आडोशाला ओढू लागलो. त्याला प्रयत्न म्हणणे धाडसाचे ठरेल. 2014 मध्ये मात्र शास्त्रशुद्ध पद्धतीने, आठवड्याला दोन-दोन कमी करत दहापर्यंत आलो. संख्या कमी झाली, पण झुरके खोल झाले आणि थोटूक बोटांना चटका बसेपर्यंत हातातून सुटेना. पंचविसांतून जेवढे निकोटीन शरीर ओढून घेत होते, त्यातले बरेचसे ते दहांतूनच वसूल करू लागले. पुढचा हंगाम सुरू झाला आणि आकडा निमूटपणे जागेवर आला.

मे 2019 मध्ये खोकला महिनाभर हटेना म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकाला चिमटा लावून एका नळीत जोराने फुंकायला लावले. वय, उंची पाहता एका सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकता यायला हवी, तिच्या 61 टक्केच माझ्या छातीतून निघत होती, आणि श्वासनळ्या रुंदावणारे औषध देऊन पुन्हा फुंकायला लावल्यावरही आकडा फारसा हलला नाही. मी विचारले, आता सोडली तर ही क्षमता भरून येईल का? डॉक्टर म्हणाले, "गेलेली बहुतेक परत येणार नाही. मात्र तुमची घसरण आत्ता वेगाने चालली आहे. ती सर्वसाधारण माणसाच्या वयोमानाप्रमाणे जेवढी असते, तेवढ्यावर आणता येईल."

त्यांना अपेक्षित नसेल, पण हे वाक्य माझ्या धंद्यातले निघाले. उसाच्या रसातली साखर आम्लता आणि उष्णता यांच्या तावडीत सापडली की फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. पोलारीमीटरमध्ये प्रकाश मग उलट्या दिशेला वळू लागतो, म्हणून या प्रकाराला इन्व्हर्शन म्हणतात. एकदा उलटलेली साखर कारखान्यातला कोणताही केमिस्ट पुन्हा पोत्यात भरू शकत नाही. त्याच्या हातात एवढेच असते की रसात चुना वेळेवर सोडावा, रस तापवून ताटकळत ठेवू नये आणि पुढचे नुकसान आटोक्यात राखावे. सत्तावीस वर्षे मी कनिष्ठांना हे शिकवत होतो, आणि माझ्या स्वतःच्या छातीतला रस मात्र खुशाल ताटकळत ठेवला होता. भीतीपेक्षा मला त्या दिवशी शरम अधिक वाटली.

पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा क्रमांक मी आठ-नऊ महिने रोज पाहत होतो; तो त्या संध्याकाळी फिरवला. पलीकडून मराठीत बोलणाऱ्या बाईंनी उपदेश केला नाही, फक्त सोडण्याची तारीख ठरवायला सांगितली. ऑफ सीझन होता, पाळ्या नव्हत्या, फाटकापर्यंतच्या फेऱ्या नव्हत्या. मी तिसऱ्या दिवसाची तारीख दिली.

पहिले तीन दिवस वाईट जातात असे सगळे सांगतात आणि ते खरेच आहे, पण त्या वाईटपणाचे स्वरूप मला कोणी नीट सांगितले नव्हते. तलफ ही सतत वाहणारी गोष्ट नाही. ती उमाळ्याने येते, पाच-दहा मिनिटे छातीवर बसते आणि उठून जाते. मधल्या वेळात माणूस बऱ्यापैकी शहाणा असतो. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली खुर्ची टाकून बसत असे आणि काटा कुठपर्यंत जातो ते पाहत असे. बद्धकोष्ठ झाले, झोप उडाली, मुलीच्या सायकलच्या कुलुपावरून मी घर डोक्यावर घेतले. डॉक्टरांनी निकोटीनचा गम दिला होता. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते म्हटल्यावर त्यांनी 4 मिलिग्रॅमचा लिहून दिला. मी तो पोरांच्या च्युइंगगमसारखा कचाकचा चावला आणि मला उचक्या लागल्या. पुढच्या खेपेला ते हसून म्हणाले, "अहो, चार वेळा चावायचा, जीभ चुरचुरली की थांबायचं आणि तंबाखूची चिमूट धरतात तसा गालात धरून ठेवायचा." सांगली जिल्ह्यातल्या माणसाला ही उपमा पुरेशी होती. आधी पंधरा मिनिटे चहा प्यायचा नाही, नाही तर निकोटीन गालातून नीट शोषले जात नाही, हेही त्यांनीच सांगितले.

चहाचे प्रकरण याहून विचित्र निघाले. सिगारेट सुटल्यावर दुसऱ्या आठवड्यात हात कापू लागले, छाती धडधडू लागली, आणि मी ते सगळे निकोटीनच्या खात्यावर लिहून मोकळा झालो. वास्तविक दोष चहाचा होता. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा फडशा लवकर पाडते. धूर थांबला की तेवढ्याच चहातले कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट साचते. दिवसाला दहा कप पिणाऱ्या माझ्यासारख्याला ते वीस कपांसारखे बाधत होते. कप निम्मे केले आणि चार दिवसांत हात स्थिरावले. सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी, कारण या कापऱ्या हातांनीच कित्येक जण पुन्हा पाकीट उघडत असतील असा माझा अंदाज आहे.

ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर चढले, गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला बुडाला आणि आम्ही शेजारच्या काकांच्या वरच्या मजल्यावर चार दिवस अडकलो. वीज नव्हती, फोन बंद पडलेले, खाली गढूळ पाण्यातून कोणाचा तरी गॅसचा सिलिंडर तरंगत जाताना दिसे. तिसऱ्या रात्री काकांनी बिडीचे बंडल पुढे केले. "घ्या हो, अशा वेळी एकीनं काय होतंय," ते म्हणाले, आणि मी घेतली. बिडी सिगारेटसारखी आपली आपण जळत राहत नाही, तिला ओढत राहावे लागते, नाही तर विझते. ती दोनदा विझली आणि दोनदा मी पेटवली. डोके गरगरले, तोंड कडू झाले, सुख म्हणावे असे काही मिळाले नाही. तरी अर्ध्या तासाने दुसरी मागून घेतली. अडीच महिन्यांची कमाई पुरात गेली असे मानून मी अंधारात बसून राहिलो. पत्नीला वास आला होताच. सकाळी ती एवढेच म्हणाली, "अहो, दोनच झाल्या ना? मग दोनच लिहायच्या. पहिल्यापासून मोजायला लागू नका." नाव आली तेव्हा काकांचे बंडल संपलेले होते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, माझ्या निग्रहाचा त्यात किती भाग होता, कोण जाणे.

त्या वर्षी हंगाम उशिरा, नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू झाला. पहिल्याच पाळीला मिलवर गेलो आणि थबकलो, कारण मला वास आला. इतकी वर्षे मी जो रस तपासत होतो, त्याला वास आहे हे मी विसरूनच गेलो होतो: ताज्या रसाचा हिरवट गोड वास, मळीचा जड वास, आणि त्या दोन्हींच्या खालून येणारी एक आंबूस झाक. मिलखालच्या पन्हळीच्या एका कोपऱ्यात रस साचून बुळबुळीत झाला होता. फिटरला बोलावून वाफेने तो कोपरा धुवून घेतला. "सायेब, आधी कधी न्हाई आला व्हय वास?" त्याने विचारले. मी उत्तर दिले नाही. त्या कोपऱ्यात दर हंगामात किती साखर उलटली असेल, हा हिशेबही मी मुद्दाम केला नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे आपल्याकडे म्हणतात ते माणसाच्या ताठ्याबद्दल, पण मला त्याचा अर्थ व्यसनाच्या बाबतीत अधिक पटतो. निकोटीन शरीरातून दोन-चार दिवसांत निघून जाते आणि गमही मी चार महिन्यांत सोडला. वजन सहा किलो वाढले, त्यातले दोन उतरले. पण वहीत आकडे चढवून झाले की उजवा हात शर्टच्या डाव्या खिशाकडे जाई, तो काही थांबेना. शेवटी शिंप्याला बिनखिशाचे शर्ट शिवायला सांगितले. "पेन कुठं लावणार, सर?" म्हणून त्याने दोनदा खात्री करून घेतली. त्या शर्टांवर मी चार हंगाम काढले, आणि हात सपाट कापडावर आपटून परत येत राहिला. सिगारेट ओढल्याची स्वप्ने अजूनही वर्षातून एखादे वेळी पडतात. जाग आल्यावर आधी राग येतो, मग हायसे वाटते.

सप्टेंबर 2020 मध्ये राज्यात सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी आली. फाटकाबाहेरच्या टपरीवर त्या अजून मिळतात. सुंभ मात्र गेला, त्या जागी दोरीला बांधलेला लायटर आहे. फुंकण्याच्या चाचणीचा गेल्या जूनमधला आकडा 60 टक्के आहे. सहा वर्षांत एक टक्का गेला, आणि एवढा फरक एकाच दिवशी दोनदा फुंकले तरी पडतो, असे डॉक्टर म्हणाले.

यंदा नवे शर्ट खिशासकट शिवून घेतले आहेत. जवळचे दिसत नाही, म्हणून त्यात चष्मा असतो. नमुन्याचे आकडे वाचायच्या वेळी हात आपोआप तिकडे जातो.