तुम्ही विचारलंत म्हणून: किड्यांचं 'ते'च का बघते मी?

नवीन ओळख झाली आणि मी किड्यांवर काम करते म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठले किडे. मग नेमकं काय करते ते सांगितलं की दुसरा प्रश्न, जरा आवाज खाली आणून, "पण मग... तेच का बघता?" ते म्हणजे नराचे जननअवयव. हो, तेच बघते, दिवसाचे पाच-सहा तास मायक्रोस्कोपला डोळे लावून, आणि हे इतक्या जणांनी विचारून झालंय की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं.

साधं उत्तर, नाव कळतं म्हणून. दोन पतंग शेजारी ठेवले, रंग तोच, आकार तोच, पंखावरचे ठिपकेसुद्धा तेच, आणि तुम्ही बिनधास्त एकाच डबीत टाकता. मग पोटाच्या टोकात दडलेला भाग बाहेर काढला की एकाचा आकडा सरळ, दुसऱ्याचा कोयत्यासारखा वाकडा, म्हणजे जाती वेगळ्या. बाकी शरीर फारसं बदलत नाही तेवढ्यात हा भाग पार बदलून जातो, म्हणून किड्यांच्या कितीतरी गटांत नवीन जातीचं वर्णन करताना नराच्या या भागाचं चित्र दिल्याशिवाय कोणी विचारत नाही.

काढायची पद्धत एकदम स्वयंपाकघरातली वाटेल अशी आहे. वाळलेल्या किड्याच्या पोटाचं टोक मोडायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात गरम करायचं, चरबी आणि स्नायू विरघळून जातात आणि कायटिनचा कडक भाग तेवढा उरतो. मग तो ग्लिसरीनमध्ये घालून बारीकशा कुपीत भरायचा आणि किडा ज्या टाचणीवर टोचून ठेवलाय त्याच टाचणीला कुपी खाली अडकवायची, नाहीतर कोणाचं काय ते देवच जाणे. सुरुवातीला एकदा मी एक नमुना द्रावणात टाकला आणि घरी निघून गेले. सकाळी बघते तर इतका पारदर्शक झालेला की वाटीत आहे की नाही तेच कळेना, सुईने ढवळत अर्धा तास शोधला. तेव्हापासून अलार्म लावते.

हा भाग इतका वेगवेगळा का, यावर 1844 साली लिऑन ड्यूफूर या फ्रेंच माणसाने कुलूप-किल्लीची कल्पना मांडली, म्हणजे एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपात बसू नये म्हणून. ऐकायला फारच छान. पण मला ती कधी पूर्ण पटली नाही, कारण बऱ्याच किड्यांमध्ये माद्यांची कुलपं जवळपास सारखीच निघतात, नखरे सगळे किल्लीचे. मग किल्ली कोणासाठी घडलीय? बऱ्याचदा दुसऱ्या नरासाठी! टाचणी नावाचा किडा माहितीय ना, चतुराची नाजूक बहीण. 1979 मध्ये जोनाथन वागे या संशोधकांनी दाखवलं की टाचणीच्या एका जातीत नराच्या लिंगाला खरवडायची सोय आहे, तो मादीच्या पोटातल्या पिशवीत साठलेले आधीच्या नराचे शुक्राणू आधी काढून टाकतो, जवळजवळ सगळे, आणि मग स्वतःचे भरतो.

पण खरं सांगू का, हा कडक भाग म्हणजे नुसतं दार आहे, घर आत आहे, आणि ते बघायला वाळलेला किडा चालत नाही, ताजा लागतो. पिकलेल्या फळावर घोंघावणारी ती बारीक फळमाशी घ्या. मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात माशी, एका चिमट्याने पोट धरायचं आणि दुसऱ्याने टोक पकडून हळूच ओढायचं, अगदी हळू, आणि सगळं एका झटक्यात बाहेर येतं. सगळ्यात आधी डोळ्यात भरतात ती दोन पिवळीधमक वृषणं, स्प्रिंगसारखी वेटोळी. त्यांच्यामागे शुक्राशय, तिथे तयार माल साठतो. मग दोन फुगीर पांढुरक्या पिशव्या, सहाय्यक ग्रंथी, आणि सगळ्यांना एकत्र आणणारी एक नळी जी शेवटी लिंगातून बाहेर उघडते. आतलं काम वृषणाच्या बंद टोकापासून सुरू होतं, एक पेशी चार वेळा दुभंगून सोळा होतात, मग त्यांच्यातून चौसष्ट शुक्राणू आणि ते चौसष्टच्या चौसष्ट एका जुडीत वाढतात. काचेखाली जरा दाब पडून वृषण फुटलं की या जुड्या केसांच्या झुपक्यासारख्या बाहेर येतात आणि वळवळतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्याला ओढून आणलं होतं.

माशी अडीच मिलिमीटरची आणि तिचा शुक्राणू जवळजवळ दोन मिलिमीटर. तिचीच नातेवाईक ड्रोसोफिला बायफर्का, तिचा तर 58 मिलिमीटर, नराच्या शरीराच्या वीसेक पट लांब! लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळून देतो बिचारा, एवढा लांब बनवायचा म्हणजे संख्या कमी होणारच.

आणि त्या पांढुरक्या पिशव्या, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही, मला विचाराल तर त्याच जास्त भारी. त्यांच्यातून सेक्स पेप्टाइड नावाचं छोटं प्रथिन शुक्राणूंबरोबर मादीत जातं आणि तिचं वागणंच बदलतं, ती अंडी जास्त घालायला लागते आणि दुसऱ्या नराला लाथा मारते. हे प्रथिन शुक्राणूच्या शेपटीला चिकटून राहतं आणि थोडं थोडं सुटत राहतं, म्हणून परिणाम आठवडाभर टिकतो, नर कधीच निघून गेलेला असला तरी. रातकिड्यांमध्ये याच ग्रंथी शुक्राणूंना पिशवी शिवून देतात, ती मादीला बाहेरून चिकटते आणि शुक्राणू आत गेले की ती वळून पिशवी खाऊन टाकते.

"मग नराला काय मिळतं?" हाही विचारतात. मधमाशीचा नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो, म्हणजे त्याला बाप नाही. त्याचे शुक्राणू तो कोषात असतानाच तयार होतात, मोठा झाला की वृषणं वाळून चिमटीएवढीही उरत नाहीत आणि पोटात नुसते शुक्राशय आणि चिकट द्रवाच्या मोठ्या ग्रंथी. राणीशी हवेत गाठ पडली की त्याचं लिंग आतून बाहेर उलटतं, तुटून तिच्यातच अडकतं आणि तो खाली पडून मरतो. मागून येणारा नर आधी ते अडकलेलं काढतो आणि त्याचंही तेच होतं. मुलगा त्याला कधी होत नाही, ज्या होतात त्या सगळ्या मुली.