सांग्रोकाठचे थोरले आजोबा : नोंद 4

नाव सापडलं. थडगं नाही. ते नसणारच, हे शहापूरच्या आत्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: "तिकडंच जाळलं म्हणतात न्हवं, मग थडगं कुठलं आणि?" मी मात्र वर्षभर कबरींच्या याद्या उपसत बसलो.

आजोबांचे थोरले भाऊ, मराठा लाइट इन्फन्ट्री, दुसऱ्या महायुद्धात 'इटलीत गेले', म्हणजे तिकडंच वारले, एवढंच ठाऊक होतं. शिवाय थोरल्या आजीच्या पेन्शनच्या कागदाचा एक तुकडा. वरचा निम्मा वाळवीनं खाल्लेला, शिपाई नंबराचे शेवटचे तीनच आकडे शिल्लक, तेही जांभळ्या शाईतले, उजेडाला धरल्याशिवाय न दिसणारे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साइटवर मी आमचं आडनाव 'चौगुले' चार तऱ्हेच्या स्पेलिंगनी आणि सोबत 'बेळगाव' टाकून थकलो. दोन्हीकडं चुकलो होतो. शहापूर बेळगावला कितीही खेटून असलं तरी 1943 साली ते सांगली संस्थानात होतं! आम्ही सीमाभागातली माणसं, हद्दी कुठनं कुठं सरकल्या हे झोपेतही सांगू, खरं नेमकं तेव्हा सुचलं नाही.

मग नाव, आडनाव, बेळगाव सगळं काढलं. रेजिमेंट, साल, देश इटली आणि जादा माहितीच्या रकान्यात फक्त 'सांगली'. आलेली यादी एक्सेलमध्ये उतरवली आणि नंबराच्या शेपटावरून चाळली. एकच जुळला. आडनाव नोंदीत नव्हतंच. नुसतं नाव, आणि पुढं पणजोबांचं नाव, शहापूर.

ठिकाण सांग्रो रिव्हर वॉर सिमेटरी, अब्रुझ्झोतल्या तोरिनो दी सांग्रोजवळ. तिथं 2,600 हून जास्त थडगी आहेत आणि त्याच आवारात, दहन झालेल्या 500 हून जास्त हिंदी सैनिकांच्या नावांचं स्मारक. इटलीत अशी स्मारकं तीनच, उरलेली दोन फोर्ली आणि रिमिनीला. तेव्हा आपल्याकडच्या हिंदू घरातला कोणी इटलीत शोधत असाल तर आधी ही तीन बघा. देहच मिळाला नसेल तर कासिनो मेमोरियल. व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे यांचंही नाव तिथंच आहे.

तारीख 28 नोव्हेंबर 1943. आत्याला स्मारकाचं फारसं अप्रूप नाही. "तिथ काय पडते ती बघ," म्हणाली. देवघरात त्यांचा टाक आहे, खरं तिथीच ठाऊक नाही म्हणून इतकी वर्षं सर्वपित्रीला पान वाढत आलो. पंचांग लावून बघितलं: मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा. म्हणजे देवदिवाळी.

आत्या टाक पुसत होती. हात थांबला. "सणादिवशीच गेला की रे," म्हणाली आणि परत पुसायला लागली.

स्मारकावरच्या नावाचा फोटो अजून मिळायचाय. नोंदीत पॅनेलचा नंबर दिलाय, तो वहीत उतरवून ठेवलाय.