सायकलस्वारांच्या पुढे पुढे : पत्रादेवी ते पोळे, आतल्या वाटेने

पुण्याहून गोकर्णाला सायकलने निघालेला माझा धाकटा भाऊ आणि त्याचे चार मित्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सावंतवाडीला मुक्कामाला आले. तिथून पुढे गोवा ओलांडून होईपर्यंत त्यांच्या सोबत मदतीची गाडी नेण्याचे काम मी अंगावर घेतले. किनाऱ्याकडची गर्दी टाळून पेडणे, म्हापसा, डिचोली, वाळपई, फोंडा, केपे, काणकोण अशा गावांवरून जायचे, असे त्यांनी आधीच ठरवले होते. माझे घर डिचोलीत असल्यामुळे हे रस्ते माझ्या पायाखालचे होते. सावंतवाडीची आत्या शेजारी बसायला तयार झाली, आणि चार दिवस आम्ही दोघींनी पाच माणसांचे पाणी, केळी, कपडे आणि सायकल दुरुस्तीची हत्यारे वाहिली. त्या चार दिवसांत जे पाहता आले आणि जे सोडावे लागले, ते अशा सफरीला गाडी घेऊन जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सर्वांत आधी वेळेचा हिशेब मांडून घ्यावा. सामान गाडीत असलेला सायकलस्वार आपल्याकडच्या चढउतारांच्या रस्त्यावर ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या टप्प्याला त्याला जवळजवळ दीड तास लागतो, आणि गाडी तेच अंतर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत कापते. उरलेल्या वेळातली दहा मिनिटे सावलीची जागा शोधणे, पाणी काढणे आणि केळी मांडणे यांत जातात. हाती राहतो अर्धा तास. मदतीच्या गाडीचे पर्यटन या अर्ध्या तासात बसवायचे असते, आणि लहान गावे त्यासाठी फार सोयीची असतात, कारण देऊळ, तळी, बाजार आणि बसस्थानक सगळे एकमेकांना लागून असते. सायकलींच्या मागोमाग त्यांच्याच वेगाने गाडी चालवण्याचा मोह मात्र टाळावा. अरुंद रस्त्यावर मागची वाहने मग गाडी आणि सायकली अशा दोहोंना एका दमात ओलांडू पाहतात, आणि धोका सायकलस्वारालाच होतो. पुढे जावे, ठरलेल्या जागी थांबावे, सगळे आले की पुन्हा पुढे जावे.

पत्रादेवीला आम्ही सकाळी सातच्या सुमारास भेटलो. इथे महाराष्ट्र-गोवा सीमेवर हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी इथून आत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. आज हमरस्त्यावरची वाहने इथून न थांबता जातात, पण सायकलीवरून आलेल्या माणसाने तरी दोन मिनिटे उतरावे असे मला मनापासून वाटते, कारण त्या सत्याग्रहींनी ही सीमा पायी ओलांडली होती. पेडण्याला भगवतीच्या देवळाच्या प्रवेशाशी दोन भव्य दगडी हत्ती उभे आहेत. त्यांच्या अंगावरचे दागिने आणि साखळ्या जवळ जाऊन पाहाव्यात. रस्त्यावरून ते नुसते काळे आकार दिसतात. देशप्रभू या इथल्या जुन्या घराण्याचा वाडा खासगी निवास आहे, तेव्हा तो बाहेरून पाहूनच समाधान मानावे.

तो शुक्रवार होता, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस. सायकलस्वारांसाठी हा वार चुकीचा आणि गाडीवाल्यांसाठी उत्तम. भावाला मी शहराच्या बाहेरूनच अस्नोड्याच्या दिशेने वळायला सांगितले आणि आम्ही दोघी बाजारात शिरलो. मयड्याची मोठी केळी पाहायला सुंदर असली तरी सायकलवर खायला उपयोगाची नाहीत. जाड सालीची सालदाटी केळी घ्यावीत. ती गाडीतल्या उकाड्यात दोन दिवस काळी पडत नाहीत आणि जर्सीच्या मागच्या खिशात चेंगरत नाहीत. जत्रेत मिळते ते खाजे आम्ही मुद्दाम किलोभर घेतले. बेसन, गूळ आणि आले यांचा हा कोरडा खाऊ उन्हात वितळत नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलांनी पुण्याहून आणलेल्या महागड्या चॉकलेटच्या वड्या बाजूला ठेवल्या आणि खाज्याच्या पुडीलाच हात घातला.

डिचोलीचा मुक्काम घरीच होता, त्यामुळे दुपारनंतर वेळ मोकळा मिळाला आणि आम्ही नार्व्याला गेलो. चार दिवसांत एकच ठिकाण पाहणे शक्य असेल तर मी हेच सांगेन. श्री सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे आराध्यदैवत. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडले, आणि पुढे लिंग अलीकडच्या काठावर, नार्व्याला आले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, आणि त्याचा शिलालेख दरवाजावर आहे. भाविक खाली मान घालून आत जातात, त्यामुळे तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. मीही पुढे निघाले होते. आत्याने हात धरून मागे ओढले आणि म्हणाली, “अगो, दगडावर काय लिहिलंय ते वाच तरी आधी.” मग तिने बोट हवेत धरून अक्षर न् अक्षर लावले: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, आणि त्यापुढे ‘शिवराज्ञा’. त्या एका शब्दापाशी ती बराच वेळ थांबली. आत लिंगाला धारा, म्हणजे उभे पैलू, पाडलेल्या आहेत, वर घुमट आहे, बाहेर दीपमाळ. देऊळ लहान आणि शांत आहे. नार्व्याहून दिवाडीला फेरीबोट जाते, आणि ज्यांना दिवाडीमार्गे जुन्या गोव्याला उतरायचे आहे त्यांनी सायकली घेऊन हा मार्ग जरूर धरावा. रस्ता सपाट आहे आणि दोन्ही बाजूंना शेते आहेत.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली, आणि ती इतरांच्या हातून होऊ नये म्हणून लिहिते. साखळीजवळ हरवळ्याला जांभ्या दगडात कोरलेल्या गुहा आहेत. लोक त्यांना पांडवांच्या गुहा म्हणतात. तिथून जवळच धबधबा आणि रुद्रेश्वराचे देऊळ आहे. गुहा पाहून झाल्यावर आम्ही धबधब्याच्या पायऱ्या उतरलो. पाणी जानेवारीत बारीक झालेले होते, पण खाली गारवा होता, आणि अर्ध्या तासाचा पाऊण तास कधी झाला ते कळले नाही. खाली माझ्या मोबाईलला रेंज नव्हती. वर आल्यावर भावाचे सहा फोन येऊन गेलेले दिसले. होंडा गावाच्या पुढे त्याचे मागचे चाक पंक्चर झाले होते, आणि वजन कमी करायचे म्हणून त्याने जादा ट्यूब आणि पंप दोन्ही गाडीत ठेवले होते. पाचही जण रस्त्याकडेला उन्हात बसून होते. मी पोहोचले, आणि मग ध्यानात आले की माझ्याकडे दिलेली ट्यूब जाड व्हॉल्व्हची होती. त्याच्या रिमला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह लागतो.

सायकल गाडीत घालून वाळपईला नेली. आपल्या लहान गावांतल्या सायकलच्या दुकानांत बारीक व्हॉल्व्हची ट्यूब सहसा मिळत नाही, इथेही नव्हती. पण दुकानदारांनी जुनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडे आले तिथे ओल्या बोटाने खूण केली, कानसेने घासले, सोल्यूशन लावून फुंकर मारली आणि ते सुकेपर्यंत एक शब्द न बोलता थांबले. सोल्यूशन ओले असताना पट्टी चिकटवली की ती घाटात सुटते, असे त्यांनी नंतर सांगितले. तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे होती. दुकान बंद करण्याची त्यांची वेळ झाली होती, तरी आमच्यासाठी ते थांबले. गोव्यातल्या लहान गावांत दुपारी एक ते साडेतीन-चार बहुतेक दुकाने बंद असतात आणि बरीच देवळेही मिटलेली असतात. औषधे, सुटे भाग, फळे, जे काही हवे ते बाराच्या आत घ्यावे, आणि मोठा जेवणाचा थांबा याच वेळेत ठेवावा. त्या दिवसापासून प्रत्येकाने एक ट्यूब आणि छोटा पंप स्वतःच्या सायकलवरच बाळगला, आणि आम्ही दोघींपैकी एक नेहमी रेंजमध्ये राहिली.

या दिरंगाईमुळे तांबडी सुर्ला सोडावे लागले. खरे तर ते या टप्प्यात धरायलाच नको होते. काळ्या बसाल्टमधले ते कदंबकालीन महादेवाचे देऊळ गोव्यातले अप्रतिम शिल्प आहे आणि त्याला अर्धा दिवस द्यावा. हातात घड्याळ धरून ते पाहू नये. त्याऐवजी फोंड्याच्या वाटेवर खांडेपारच्या गुहा पाहाव्यात. जांभ्यात कोरलेल्या चार खोल्या आहेत, मुख्य रस्त्यापासून दूर नाहीत आणि वीस मिनिटांत पाहून होतात. डिचोली-साखळी-उसगाव हा खाणपट्टा असल्यामुळे अवजड ट्रक आणि लाल धूळ यांची तयारी ठेवावी. ओले रुमाल आम्ही डब्यात घालून नेले होते, ते फार उपयोगी पडले.

फोंड्याच्या परिसरात राहण्यासाठी देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे आवारातल्या भाविकांच्या राहण्याच्या खोल्या, हा चांगला पर्याय आहे. आधी फोन करून विचारावे, महाजनांना, म्हणजे देवळाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या कुटुंबांना, प्राधान्य असते हे लक्षात ठेवावे आणि जत्रेच्या दिवसांत अपेक्षा धरू नये. सायकलींना आवारात कोपरा मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. मंगेशी आणि म्हार्दोळ सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र बांदिवड्याच्या नागेशीची तळी सर्वांत प्रिय आहे. माडांची सावली पाण्यात पडलेली असते, आणि इथला शिलालेख १४१३ सालचा आहे, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ १७३८ सालचे, शाहू महाराजांच्या काळातले. फोंडा शहराच्या कडेला १५६० साली बांधलेली साफा मशीद आहे, आणि तिच्यासमोरच्या हौदाच्या भिंतींतल्या कमानी सकाळच्या तिरप्या उन्हात पाहण्यासारख्या असतात. सायकलच्या तंग अर्ध्या चड्डीवर देवळात प्रवेश मिळत नाही. मी गाडीत पाच लुंग्या आणि दोन ओढण्या ठेवल्या होत्या. कोणत्याही हत्यारापेक्षा त्या जास्त वेळा बाहेर निघाल्या.

तिसरा दिवस शिरोडा, सावर्डे, कुडचडे मार्गे केप्याचा. केप्यात चर्चसमोर १७८७ साली एका पोर्तुगीज धर्मगुरूने बांधलेला ‘पालासियो दो देआंव’ हा वाडा आहे. त्याची उत्तम डागडुजी झालेली आहे, पण आधी कळवल्याशिवाय जाऊ नये. संध्याकाळी सायकलस्वार पाय वर करून पडले, तेव्हा आम्ही दोघी रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठी उसगळीमळला जाऊन आलो. नदीकाठच्या जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणे आणि एक मोठे वर्तुळाकार चक्रव्यूहासारखे चित्र कोरलेले आहे. १९९३ साली ही चित्रे अभ्यासकांच्या नजरेस आली. कलत्या उन्हात रेषांमध्ये सावली भरते आणि चित्रे उठून दिसतात. भर दुपारी गेलात तर कातळ कोराच वाटेल. चप्पल काढून चालावे आणि रेषांवर पाय देऊ नये. खडूने रेषा भरण्याचा प्रकार तर मुळीच करू नये.

चौथ्या दिवशी बाळ्ळीवरून करमल घाट. सावली दाट आहे, वळणे आंधळी आहेत आणि ट्रक पुष्कळ. सायकलस्वारांनी तो सकाळी लवकर, मागचे दिवे लावून चढावा, आणि गाडीने घाटात न थांबता पलीकडे उतरून वाट पाहावी. काणकोणला चावडीच्या अलीकडे दोन रस्ते होतात, आणि इथे चुकामूक ठरलेली आहे. २०१९ साली सुरू झालेला बगलरस्ता तळपण आणि गालजीबागच्या नद्या पुलांवरून ओलांडून माशेला निघतो. जुना रस्ता चावडी, पर्तगाळ, पैंगीण असा झाडीतून जातो. बगलरस्ता लवकर नेतो, पण त्यावर सावली नाही. आम्ही जुना धरला. कोणता धरायचा हे आदल्या रात्रीच ठरवून सर्वांनी तोंडी म्हणून दाखवावे, कारण नकाशाचे ॲप प्रत्येकाला आपल्या मर्जीने दुसराच रस्ता दाखवते. गालजीबागच्या किनाऱ्यावर या महिन्यांत समुद्री कासवे अंडी घालायला येतात. तिकडे वळायचे असल्यास कुंपणापासून दूर राहावे आणि अंधारात विजेऱ्या लावू नयेत.

गोव्याच्या दक्षिण सीमेवर, पोळ्याला, कारवारहून दुसरी गाडी येऊन थांबली होती. पाण्याचा कॅन, पंप, लुंग्या आणि उरलेले खाजे मी तिच्या चालकाच्या हवाली केले, आणि बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब कोणत्या पिशवीत आहेत ते उघडून दाखवले. मुले निघून गेल्यावर आत्या म्हणाली, “आता आपल्या मागे कोणी नाही, पर्तगाळला उतरू या.” तिथला मठ आम्ही येताना वेळेअभावी सोडला होता. परतीच्या वाटेवर तिथे दीड तास बसलो.