आफ्रिकेला नेण्याची काडतुसे मी घरी का भरतो

एप्रिल उजाडला की एकच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येतो. टेक्सासमधले मराठी स्नेही तो विचारतात, पुण्याहून आलेले नातेवाईक विचारतात आणि आफ्रिकेतल्या शिकारीचा बेत ज्यांनी पहिल्यांदाच आखला आहे अशी तरुण मंडळी तर मुद्दाम फोन करून विचारतात. दुकानात इतकी चांगली तयार काडतुसे मिळत असताना तुम्ही नामिबियाला किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतात जाताना घरी भरलेलीच काडतुसे का नेता, आणि त्यांत गोळी कोणती घालता? तुम्ही विचारलेत म्हणून यंदा सविस्तर लिहितो.

कायद्याची गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार संपली आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. मी राहतो त्या टेक्सासमध्ये स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरणे कायदेशीर आहे, आणि दक्षिण आफ्रिका व नामिबिया या देशांत परवाना काढून, स्थानिक परवानाधारक शिकाऱ्याच्या सोबतीने केलेली शिकारही कायदेशीर आहे. पुढचे सगळे त्या चौकटीत वाचावे.

काडतूस म्हणजे गोळी नव्हे, हेही सांगावे लागते, कारण बोलताना आपण दोन्हींना गोळीच म्हणतो. काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसणारा, आघाताने ठिणगी देणारा प्रायमर, आतली बंदुकीची दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. कोकणात ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली आहे त्यांना हे काम परके वाटणार नाही. तिथे दारू आणि गोळी नळीत ठासतात, इथे ती मापून पुंगळीत भरायची. एकदा झाडलेली पुंगळी साफ करून, साच्यातून काढून पुन्हा मापात आणता येते, म्हणून हा उद्योग घरच्या टेबलावर होऊ शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पहिल्या वेळी मी लिम्पोपोच्या झुडुपी रानात गेलो तेव्हाही काडतुसे मीच भरली होती, आणि फार चुकीची भरली होती. माझ्याकडे .३०० विंचेस्टर मॅग्नम रायफल होती. तिच्यासाठी मी १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची, शिशावर तांब्याचे पातळ कवच असलेली, हरणांसाठी बनवलेली गोळी निवडली आणि तिला सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेग मिळेल अशी भरणी केली. कागदावर ती गोळी सुरेख जात होती. शंभर यार्डांवर तीन छिद्रे एकमेकांना चिकटून पडत. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास सत्तर पावलांवर एक निळा वाइल्डबीस्ट, म्हणजे तिथला एक मोठा कुरंग, थोडा माझ्याकडे तोंड करून, तिरपा उभा राहिला. मी खांद्यावर नेम धरला आणि गोळी जिथे लागायला हवी होती तिथेच लागली. जनावर कोसळले, उठले आणि झुडपांत नाहीसे झाले. माग काढणाऱ्या दोघांनी सूर्य मावळेपर्यंत खुरांचा माग सोडला नाही. रक्त मात्र पहिल्या दोनशे पावलांनंतर दिसेनासे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जनावर आम्हाला जिवंत सापडले आणि सोबतच्या शिकाऱ्याने गोळी घालून त्याला वेदनांतून सोडवले. कातडी काढताना त्यांनी मला बोलावून जखम दाखवली. खांद्याच्या हाडावर तळहाताएवढा खड्डा पडला होता, त्यात कवचाचे आणि शिशाचे तुकडे होते, आणि त्यामागचे फुप्फुस अखंड होते. काडतुसात दोष नव्हता. त्या वेगाने, त्या अंतरावर, त्या हाडावर फुटून जाणारी गोळी मी स्वतः निवडली होती. ती एक रात्र त्या प्राण्याने कशी काढली असेल, हा विचार मला अजून सोडत नाही, आणि त्यानंतर मी काडतूस भरण्याची सुरुवात वेगापासून किंवा कागदावरच्या छिद्रांपासून कधीही केलेली नाही.

सुरुवात जनावराच्या शरीरापासून करावी. अमेरिकेत हरणाच्या शिकारीत खांद्याच्या मागे नेम धरायला शिकवतात. आफ्रिकेतल्या कुरंगांचे हृदय आणि फुप्फुसांचा मुख्य भाग त्या मानाने पुढे आणि खाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध असतो. म्हणून तिथले शिकारी पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम धरायला सांगतात. वाइल्डबीस्टचा आणि लांब शिंगांच्या गेम्सबॉक कुरंगाचा खांद्यावरचा उंचवटा डोळ्याला फसवतो आणि नवखा माणूस हमखास वर मारतो. याचा गोळीच्या निवडीशी थेट संबंध आहे, कारण नेम खांद्यावर असेल तर गोळीला आधी हाड भेदावे लागते आणि मग आत जावे लागते. सोबतच एकाच सकाळी समोर काय येईल ते सांगता येत नाही. चाळीस किलोचा स्प्रिंगबॉक येईल, साठ किलोचा इम्पाला येईल, दोनशेहून अधिक किलोचा कुडू येईल, किंवा तुमच्या परवान्यात असेल तर सहाशे-सातशे किलोचा इलँडही येईल. प्रत्येकासाठी वेगळे काडतूस खिशात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि ऐन वेळी चुकीचे काडतूस भरलेलेही पाहिले आहेत. एकच भरणी न्यावी, आणि ती यादीतल्या सर्वांत मोठ्या जनावराच्या सर्वांत अवघड कोनासाठी न्यावी. मोठ्यासाठी पुरेशी असलेली गोळी इम्पालाला जास्त होत नाही, ती फक्त आरपार जाते.

माझी रायफल आता .३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसाची आहे. हे काडतूस १९०६ साली अमेरिकेच्या सैन्यासाठी आले. आज त्याहून वेगवान काडतुसे कितीतरी आहेत, पण मला तो वेग नको आहे. मध्यम वेगाची मजबूत गोळी जवळच्या अंतरावर फुटत नाही, खांद्याला धक्का सोसवेल इतका बसतो, आणि म्हणून माणूस सराव जास्त करतो. नामिबियात कायद्यानेच किमान ऊर्जा ठरवून दिली आहे. स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावरांसाठी १३५० ज्यूल आणि कुडू, गेम्सबॉक, वाइल्डबीस्ट यांच्यासाठी २७०० ज्यूल. माझी १६८ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८३८ मीटर वेगाने नळीबाहेर पडते तेव्हा तिची ऊर्जा सुमारे ३८०० ज्यूल भरते. याहून अधिकाची मला गरज पडलेली नाही.

गोळीच्या बाबतीत माझी निवड एकदा बदलली आहे. लिम्पोपोच्या त्या अनुभवानंतर अनेक वर्षे मी १८० ग्रेनची नोस्लर पार्टिशन वापरली. जॉन नोस्लर यांची कथा माझ्या कथेशी जुळणारी आहे, म्हणून ती मला जवळची वाटते. १९४६ साली कॅनडात मूस जातीच्या एका मोठ्या हरणावर जवळून झाडलेल्या गोळ्या आत जाईनात, म्हणून त्यांनी घरी येऊन गोळीच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा भाग फुलतो आणि झिजतो, भिंतीमागचा अर्धा भाग शाबूत राहून खोल जातो. १९४८ पासून ती गोळी विकली जाते आणि माझ्या मते आजही तिच्यात उणे काढण्याजोगे एकच आहे, ते म्हणजे पुढच्या भागातले शिसे मांसात आणि आतड्यांत विखुरते.

तेवढ्याच कारणासाठी मी ती सोडली. शिकारीनंतर आतडी रानात टाकली जातात आणि काही तासांत तिथे गिधाडे उतरतात. शिशाचे बारीक तुकडे त्यांच्या पोटात जातात आणि शिसे गिधाडाला मारते. पांढऱ्या पाठीचे आफ्रिकी गिधाड आज अतिसंकटग्रस्त गणले जाते. त्याच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत, विषप्रयोग हे त्यांत मोठे कारण आहे, पण माझ्या हातून त्यात भर पडू नये असे मला मनापासून वाटते. आपल्याकडची गिधाडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गेली आणि ते औषध २००६ साली बंद होईपर्यंत फार उशीर झाला होता. हे पाहिलेल्या मराठी माणसाला हा मुद्दा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय शिकारीचे मांस शेतावरची सगळी कुटुंबे खातात, मीही खातो.

म्हणून आता मी बार्न्स कंपनीची संपूर्ण तांब्याची गोळी वापरतो. तिच्या टोकाला पोकळी असते, ती आत शिरताच चार पाकळ्यांत उघडते आणि वजन जवळजवळ गमावत नाही. पण तांबे शिशापेक्षा हलके, त्याची घनता ९ च्या आसपास आणि शिशाची ११ हून अधिक. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि पुंगळीतली दारूची जागा खाते. १८० वरून १६८ ग्रेनवर येण्याचे कारण हेच. वजन टिकवणारी हलकी गोळी वजन गमावणाऱ्या जड गोळीइतकीच खोल जाते, हे मी कुडूवर पाहिले आहे. तांब्याची गोळी फार मंदावली तर नीट उघडत नाही, म्हणून तीनशे यार्डांपलीकडे मी झाडत नाही. रायफल दोनशे यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या जागी लागेल अशी जुळवलेली असते. शंभरावर गोळी सुमारे ५ सेंटिमीटर वर लागते आणि तीनशेवर वीतभर खाली.

दारूचे वजन मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या रायफलीत निर्धोक असलेली भरणी तुमच्या रायफलीत धोकादायक ठरू शकते. गोळी आणि दारू बनवणाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले तक्ते घ्यावेत, सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करावी आणि तक्त्यातल्या कमाल आकड्याला शिवण्याचा हट्ट धरू नये. दारू कोणती, याबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. तापमानाने दारूचा दाब बदलतो. घरी जानेवारीत बसवलेली भरणी तिथे दुपारी उन्हात उभ्या गाडीत तापली, तर दाब वाढून पुंगळी नळीत अडकू शकते. नामिबियाच्या पठारावर जूनमध्ये पहाटे पाणी गोठते आणि दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडाव्या लागतात. म्हणून मी तापमानाला कमी दाद देणारी, ऑस्ट्रेलियात तयार होणारी हॉजडन कंपनीची एच ४३५० ही दारू वापरतो आणि अंतिम चाचणी ह्यूस्टनच्या ऑगस्टमधल्या उकाड्यात करतो. ऑगस्टमध्ये जी निर्धोक, ती पुढच्या जूनमध्ये तिथे निर्धोकच असणार.

घरी भरण्याचा खरा लाभ मला यानंतर मिळतो. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असतो. पुंगळ्या नव्या किंवा एकदाच वापरलेल्या असतात, प्रत्येक पूर्ण लांबीच्या साच्यातून काढलेली आणि ६३.३५ मिलिमीटरच्या आत कापलेली. दारू भरल्यावर गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्यांत विजेरीने डोकावून पाहतो, प्रायमर बुडाच्या वर आलेला नाही ना, हे बोटाने तपासतो. साठ काडतुसे तयार झाली की नेमबाजीच्या मैदानावर जाऊन, नळी सुरक्षित दिशेला धरून, प्रत्येक काडतूस रायफलीच्या मॅगझिनमधून आत घालून बाहेर काढतो. एखादे किंचित जरी अडखळले तरी ते सरावाच्या खोक्यात जाते. कारखान्यातली काडतुसे बहुधा निर्दोष असतात, पण त्यांपैकी प्रत्येकावरून माझा हात फिरलेला नसतो.

या भरणीची कसोटी मी घरच्या जवळच घेतो, आणि ती एका भारतीय जनावरावर. दक्षिण टेक्सासच्या किनारी कुरणांत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात किंग रँच या मोठ्या पशुपालन शेताने नीलगायी सोडल्या. आज तिथे त्या मोकळ्या वावरतात, त्यांच्या शिकारीला हंगामाचे बंधन नाही, आणि जाड कातडीचा, जड हाडांचा नर वजनाने कुडूच्या बरोबरीचा असतो. गोळी दोन नीलगायींच्या दोन्ही खांद्यांतून आरपार गेल्यावरच मी ही भरणी आफ्रिकेला नेली.

प्रवासाचे थोडक्यात. विमानात काडतुसे रायफलीपासून वेगळी, चेक-इन सामानात आणि एकूण ५ किलोच्या आत न्यावी लागतात. .३०-०६ च्या साठ काडतुसांचे वजन दीड किलोच्या थोडे वर जाते. काही विमान कंपन्या कारखान्याच्या मूळ खोक्याचा आग्रह धरतात, म्हणून तिकीट काढण्याआधी लेखी विचारावे. दक्षिण आफ्रिकेत पोलिसांचा ५२० क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि एका रायफलीमागे २०० काडतुसांची मर्यादा आहे. पुंगळीच्या बुडावर कोरलेले काडतुसाचे नाव परवान्यातल्या काडतुसाच्या नावाशी जुळेल अशाच पुंगळ्या वापराव्यात. दुसऱ्या मापाच्या पुंगळीला आकार देऊन बनवलेले काडतूस कितीही चांगले असले तरी विमानतळावर ते समजावून सांगत बसण्यात अर्थ नाही.

आणि ज्यांचा प्रवास यंदाच्या जूनमध्येच आहे, ज्यांनी आजवर एकही पुंगळी भरलेली नाही, त्यांना मी फोनवर सांगतो तेच येथे सांगतो. या वर्षी भरू नका. याच जातीची गोळी घातलेली तयार काडतुसे मिळतात, त्यांचे एकाच उत्पादन क्रमांकाचे पाच डबे घ्या, दोन डबे तिपाईच्या काठ्यांवर रायफल टेकवून, उभ्याने, शंभर यार्डांवर झाडा, आणि उरलेल्या तीन डब्यांतले प्रत्येक काडतूस रायफलीत एकदा घालून काढा. भरणीला बसायचे असेल तर परत आल्यावर या. माझ्या टेबलापाशी दुसरी खुर्ची आहे.