पट्टा आवळला की लीक थांबतो?

बेडसोअर म्हटलं की नजर आधी माकडहाडाकडे आणि टाचांकडे जाते. बायपॅपवरच्या (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवरच्या) पेशंटचं मात्र नाकाचं हाड आधी बघायचं. तिथे कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच. वरून मास्कचा दाब, आत दमट हवा आणि घाम. भिजलेली कातडी लवकर सोलते.

बरेचदा सुरुवात अशी होते: लीकचा, म्हणजे मास्कच्या कडेने हवा निसटल्याचा, अलार्म वाजला, पट्टा आवळला. मास्कची सिलिकॉनची आतली पातळ कड मशीनच्या हवेने फुगून चेहऱ्यावर बसते. जास्त आवळलं की ती चपटी होते, सुरकुतते आणि लीक उलट वाढतो. मग आणखी आवळायचं! थोडा लीक बायपॅप स्वतःच भरून काढतं. हवा डोळ्यांत जात नसेल आणि टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा), सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ठीक असेल, तर तो तसाच राहू द्या.

साइज अंदाजाने नको, गेजने (मास्कच्या मापपट्टीने) घ्या. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर धाकटी निवडा. मशीन सुरू करून मास्क आधी हाताने चेहऱ्यावर धरा, मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी, सारखेच ओढा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. नाकावर पातळ हायड्रोकोलॉइड (कातडीला चिकटणारं जेलसारखं ड्रेसिंग) लावायचं ते मास्कच्या आधी, लाली आल्यावर नव्हे, आणि एकच थर. गॉझच्या घड्या कोंबल्या की दाब वाढतो, शिवाय खालची कातडी दिसत नाही ती वेगळीच.

पेशंटला झेपत असेल तर दर ४ तासांनी मास्क काढून बघा. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही, म्हणून बोट फिरवा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक लागतं का, पेशंट कळवळतो का? लाली दाबूनही फिकी पडत नसेल तर जखम सुरू झालीय. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मिळाला तर तो लावा, नाकावरचा भार सुटतो.

राइल्स ट्यूबची (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीची) गोष्ट वेगळी. नळी वर वळवून कपाळाला चिकटवली की नाकपुडीची कड कापली जाते. ७-८ सेंमी टेप घ्या, अर्ध्यापर्यंत उभी चिरा. अखंड भाग नाकावर, दोन्ही पाय नळीभोवती विरुद्ध दिशांनी. नळी नाकपुडीच्या मधोमध, कडेला न टेकता खाली लोंबली पाहिजे. टेप रोज बदला, त्याआधी आणि नंतर नळीवरचा सेंमीचा आकडा बघा.

ऑक्सिमीटरच्या प्रोबचं बोट दर ४ तासांनी बदला. सूज असलेल्या पेशंटमध्ये सकाळी सैल वाटलेली ईटी ट्यूबची (श्वासनलिकेत घातलेल्या नळीची) दोरी रात्रीपर्यंत गालात रुतते, ती प्रत्येक ड्युटीला तपासायची. ऑक्सिजनच्या नळीखाली कानामागची जागा हमखास राहून जाते.

हँडओव्हरमध्ये नुसतं 'स्किन ओके' नको. जागा लिहा: नाकाचं हाड, उजवी नाकपुडी, डावा कान, आणि शेवटचं कधी पाहिलं ती वेळ.