फणसाडच्या पाचोळ्यातले सातभाई

सुट्टीच्या दिवसांत काशीदच्या किनाऱ्यावर उभं राहायला जागा नसते. आम्ही तिथे चहासुद्धा न घेता सुपेगावकडे वळलो आणि फणसाडच्या रानात शिरलो. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. येणारा प्रत्येक जण शेकरू कुठे दिसेल ते विचारतो. मीही विचारलं. पण सकाळ घेतली ती सातभाईंनी.

मे महिना, रान वाळलेलं. गाणीच्या, म्हणजे पाणवठ्याच्या, वाटेवर पाचोळ्यात कोणीतरी खसाखसा उकरत होतं. मातकट अंगाचे, विस्कटलेल्या पिसांचे नऊ पक्षी चोचीने पानं उडवत किडे शोधत होते.

"ह्येच बघताय होय? आमच्या परसात रोज भांडतात," सोबतचा वाटाड्या म्हणाला.

भांडणच वाटतं ते. पण दुर्बीण लावून बसलं की त्या गोंगाटातली शिस्त दिसायला लागते. बाकीचे चरत असताना एक जण उंच फांदीवर पहाऱ्याला. मध्येच तो कर्कश ओरडला आणि सगळी टोळी करवंदीच्या जाळीत गडप. वरून शिक्रा गेला होता. आम्हा दोघांना त्याचा पत्ताच नव्हता.

कोकणातल्या सातभाईंची शेपटी जास्त तांबूस आणि पंखांची टोकं गडद. पंख आखूड आणि गोल, त्यामुळे उडणं बेताचंच. बुंध्याजवळून फांद्या-फांद्यांनी उड्या मारत शेंड्याला जायचं आणि तिथून पुढच्या झाडावर तरंगत उतरायचं. एक निघाला की मागोमाग दुसरा, मग तिसरा. म्हाताऱ्या माणसांनी एसटीतून उतरावं तसं.

उन्हं चढल्यावर ते ऐनाच्या फांदीवर अंगाला अंग लावून बसले. एकाने मान वाकवली, शेजारच्याने ती विंचरायला घेतली. टोळीतल्या दोघांचे डोळे काळपट होते, म्हणजे यंदाची पोरं. मोठ्यांचे डोळे फिकट, त्यामुळे चेहरा कायम रागावलेला. (स्वभावाबद्दलचा गैरसमज बहुतेक तिथूनच आला असावा.) पिल्लांना भरवायला फक्त आईबाप नसतात, टोळीतले इतरही चारा आणतात. एवढं भरलेलं घर आता माणसांत तरी कुठे राहिलंय?

आणि याच भरल्या घराचा फायदा पावशा उठवतो. सातभाईंची अंडी गडद निळी, पावशाचीही निळीच. मादी गुपचूप आपलं अंडं त्यांच्या घरट्यात ठेवून जाते. चातकही तेच करतो. पुढे परक्या पिल्लाच्या तोंडात अख्खी टोळी अळ्या कोंबत राहते. पहाऱ्यावरच्याला शिक्रा लांबून दिसतो, घरट्यातला हा पाहुणा मात्र नाही.

आम्ही उठलो तेव्हा दरीच्या बाजूने पावशा ओरडत होता. "पेरते व्हा म्हणतोय," वाटाड्या खूश होऊन म्हणाला. घरी राबाची भाजणी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं, उरकली होती, त्याला पावसाचीच घाई होती.