पहिल्या दहा मतांचं वजन

रेडिट म्हणजे लोक दुवे टाकतात आणि त्यांवर मतं देतात ती वेबसाइट. तिचा जुना कोड खुला होता, त्यात 'हॉट' यादीचं, म्हणजे कोणती पोस्ट वर दिसणार याचं गणित स्पष्ट दिसतं. बाजूच्या मतांतून विरोधी मतं वजा करून उरलेल्या आकड्याचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा (10 चा 1, 100 चा 2, 1000 चा 3) आणि एका ठरावीक क्षणापासून पोस्ट टाकेपर्यंतचे सेकंद 45,000 ने, म्हणजे साडेबारा तासांनी, भागून त्यात मिळवायचे. म्हणजे पहिली 10 मतं पुढच्या 90 मतांइतकी जड! साडेबारा तास जुन्या पोस्टला नव्या पोस्टशी बरोबरी करायला दहापट मतं लागतात.

खोट्या खात्यांची टोळी नेमकी इथेच घुसते. सुरुवातीच्या काही मिनिटांत मोजकी मतं पडली की बातमी वर सरकते, मग खरे वाचक तिला आपोआप उचलतात. चांगली पण उशिरा वाचली गेलेली बातमी मात्र तळाशीच राहते, हे मला फार खटकतं. त्यामुळे रोज थोडा वेळ 'न्यू' यादी, म्हणजे ताज्या पोस्टची यादी, उघडा, दुवा पूर्ण वाचा आणि मगच मत द्या. समूह चालवत असाल तर सुरुवातीचा तासभर प्रतिक्रियांच्या मतांचा आकडा लपवून ठेवा. मेंढरासारखं मतदान कमी होतं.